दुसऱ्या मजल्यावरचा सोफा

सोफा तीन माणसांचा, तपकिरी मखमलीचा, हातांवर लाकडी नक्षी. जिन्याच्या वळणावर तो अडकला तेव्हा वरच्या टोकाला चर्चमधले निवृत्त गणिताचे मास्तर होते, खालच्या टोकाला मी आणि मध्ये डांबरगोळ्यांचा वास. कुणाच्या तरी दिवंगत आईच्या बैठकीच्या खोलीत तो वर्षानुवर्षं जपला गेला होता. ऑक्टोबर २०१६, कॅनडातलं किचनर-वॉटर्लू. बाहेर मेपलची ओली पानं फुटपाथला चिकटलेली. कण्हतकुथत, घाम पुसत आम्ही तो दुसऱ्या मजल्यावर नेला. दार उघडलं. घरची बाई नुकतीच नवरा आणि तीन मुलांसह लेबनॉनमधून आली होती, मूळची सीरियातल्या होम्सची. तिने सोफ्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आत वळून नवऱ्याशी दोन वाक्यं बोलली आणि छातीवर हात ठेवून अरबीत काहीतरी म्हणाली. भाषांतराला आलेला इराकी विद्यार्थी कानापर्यंत लाल झाला. ‘‘त्या म्हणतायत, सोफा फार सुंदर आहे. पण नको.’’ देणाऱ्या बाई स्वतः खाली ट्रकपाशी उभ्या होत्या. आम्ही सोफा परत खाली आणला. उतरताना तो कुठेच अडकला नाही.

त्या ‘नको’ने पुढे चर्चच्या समितीचा एक अख्खा बुधवार खाल्ला.

मी त्या चर्चची नाही. माझ्या घरात अंबाबाईचा फोटो आहे आणि गणपतीला मी मंडळात मोदकांच्या उकडीवर असते. पण आमच्या शेजारी एक आजी राहतात, मेनोनाइट. मेनोनाइट म्हणजे शस्त्राला आणि युद्धाला नकार देणारा जुना ख्रिस्ती पंथ. आमच्या भागात त्यांच्यातले घोडागाडीतून फिरणारेही आहेत आणि विजेच्या गाडीतून फिरणारेही. आजी एक दिवस रुबार्बची पाई, म्हणजे त्या आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, घेऊन आल्या आणि इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, ‘‘तुझ्याकडे गाडी आहे. दुपारी वेळ असतो का?’’ त्यांच्या चर्चने एक सीरियन कुटुंब स्पॉन्सर करायचं ठरवलं होतं. इथली पद्धत अशी, की चर्च किंवा एखादा गट सरकारला लिहून देतो, या कुटुंबाचं पहिलं वर्ष आमच्या अंगावर. आमच्या योजनेत सहा महिन्यांचा भत्ता सरकार देणार होतं. उरलेले सहा महिने आणि सुरुवातीची सगळी मांडामांड गटाची. भत्ता प्रांताच्या सरकारी मदतीच्या दराने, म्हणजे भाडं भागून हातात फारसं उरत नाही असा. कुटुंबाची ओळख म्हणून आमच्या हातात एक पानभर माहिती आली होती: किती माणसं, वयं काय, भाषा कोणती, आजार कोणते. तेवढ्यावर ‘हो’ म्हणायचं.

‘हो’ म्हटलं आणि कुटुंब येईना. २०१६ चा फेब्रुवारी संपेपर्यंत सरकारने पंचवीस हजार सीरियन आणून दाखवले होते. विमानतळावर पंतप्रधान कोट वाटत असल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते. त्यानंतर सगळा वेग मंदावला. गावोगावच्या चर्चांनी घरं भाड्याने घेऊन ठेवली आणि ती रिकामी राहिली. आमच्याही फ्लॅटचं भाडं उन्हाळाभर भरलं जात होतं. मी खिडक्या उघडायला जायची तेव्हा आत फक्त फ्रीजची घरघर असायची. समितीतल्या बायकांनी तो फ्लॅट रुखवतासारखा मांडला होता: चमच्यांच्या बाजूला काटे, टॉवेलांच्या घड्या रंगांप्रमाणे, पलंगांवर चर्चमध्ये हाताने शिवलेल्या गोधड्या, आणि ओट्यावर कुणीतरी हौसेने ठेवलेली भाताच्या कुकरची इंग्रजी माहितीपुस्तिका. बघायला येणारे ‘वा’ म्हणून जात. रुखवत मांडताना नवरीला काय आवडतं ते कुणी विचारत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. सोफ्यानंतर सुचलं.

ते आले तेव्हा रात्र झाली होती. टोरोंटोच्या विमानतळावर ते लांबूनच ओळखू आले, कारण प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात ती पांढरी-निळी प्लास्टिकची पिशवी होती, आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची. कागद, छातीचे एक्स-रे, सगळं तिच्यात. नवऱ्याने ती पिशवी पूर्ण प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही. धाकटा मुलगा बुटांसकट झोपला होता. आजींनी पुढे होऊन बाईच्या खांद्यावर कोट टाकला. तिने तो नीट घातला, वरच्या बटणापर्यंत लावला, आणि गाडीत हीटर चालू असूनही घरी पोचेपर्यंत काढला नाही. चारशे एक हायवेवर कुणीच बोललं नाही. बोलायला भाषाच नव्हती.

पुढचे आठवडे कामांचे होते आणि ती कामं कंटाळवाणी होती. आरोग्य कार्ड, सिन नंबर म्हणजे नोकरीला लागणारा सरकारी क्रमांक, बँक, शाळेचे फॉर्म, लसींचे दाखले, दातांचा डॉक्टर, इंग्रजीचे वर्ग आणि त्या वर्गांच्या वेळात धाकट्याला सांभाळणं. एकेका खिडकीपाशी तास-दीड तास. माझं ठाम मत झालंय की चर्चचं बळ श्रद्धेत असेल-नसेल, पण निवृत्त माणसांत नक्की आहे. त्यांच्याकडे रिकाम्या दुपारी असतात. बेसमेंटमध्ये मोठं स्वयंपाकघर असतं, झेरॉक्सचं मशीन असतं, जुनी गाडी कोण दुरुस्त करतं हे माहीत असतं, आणि बाळंतीण असो की मयत, कोणत्या दिवशी कुणी डबा न्यायचा याचा तक्ता करायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते. सरकारी पाहण्यांत दिसतं की अशा गटांनी आणलेल्या माणसांना सुरुवातीच्या काळात नोकऱ्या लवकर लागतात. त्याचं सगळं श्रेय गटांना देऊ नये. त्यांतले बरेच जण आधीच जास्त शिकलेले आणि इंग्रजी किंवा फ्रेंच येणारे असतात. पण दुकानमालकाला फोन करून ‘माझ्या ओळखीचा माणूस आहे’ म्हणणारं कुणी असणं, याची किंमत मुंबईत खोली शोधलेल्या कोणालाही सांगावी लागणार नाही.

कोल्हापूरच्या मावशीला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘अगं, पण बाटवायचं वगैरे काही नाही ना त्यांच्या मनात?’’ मी हसले. पण हा प्रश्न मावशीचा एकटीचा नाही. चर्च आणि मदत हे शब्द जवळ आले की मराठी माणसाच्या भुवया आपोआप वर जातात. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून १८९३ मध्ये पुण्यात जे रण माजलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ती धुसफूस आपल्या घराघरांत अजून मुरलेली आहे. आणि त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका आणून केडगावला जगवल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या. आमच्या समितीने पहिल्याच बैठकीत लिहून ठेवलं होतं की त्यांनी स्वतः विचारल्याशिवाय प्रार्थनेला बोलवायचं नाही. सामुदायिक जेवणातून हॅम गेलं, मशिदीचा पत्ता आणि तिकडे जाणारी बस शोधून दिली गेली. तरी एकदा एका भल्या बाईने मुलांना बायबलच्या गोष्टींचं चित्रमय पुस्तक दिलं. अध्यक्षांनी तिला बाजूला घेऊन काय सांगितलं मला माहीत नाही. ती दोन आठवडे आली नाही.

मावशीनेच मग कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा विषय काढला. तिच्या आईने लहानपणी पाहिलेल्या गोऱ्या बायका, सोनेरी वेण्यांच्या मुली. १९४३ ते १९४८ या काळात सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेले पाचेक हजार पोलिश लोक तिथल्या छावणीत राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, कोल्हापूरकरांना तो माहीत असतो. मावशी अभिमानाने म्हणाली, ‘‘आपण त्यांना सांभाळलं.’’ खरं तर सुरुवातीचा खर्च लंडनमध्ये बसलेलं परागंदा पोलिश सरकार करत होतं. त्यांची शाळा त्यांची, चर्च त्यांचं, स्वयंपाक त्यांचा. कोल्हापूरकर शेजारी होते, दाते नव्हते. म्हणूनच कदाचित दोन्हीकडच्या आठवणी इतक्या गोड राहिल्या असाव्यात. त्यातलेही काही पुढे कॅनडात आले.

तर तो बुधवार. बेसमेंटमध्ये घडीच्या खुर्च्या, कॉफीचं मोठं भांडं, ओटमीलची बिस्किटं. सोफा देणाऱ्या बाई बोलत नव्हत्या. त्यांच्या वतीने इतर बोलत होते. एकाचं म्हणणं, त्यांना वस्तू नाकारायचा हक्क आहे. दुसऱ्याचं म्हणणं, हक्क आहे, पण रीत म्हणून काही असते. मी सांगितलं की आमच्याकडेही पाहुण्यांना भारतीय बैठकीवर बसवतात, त्या बाईला भिंतीला लागून लांब गाद्या आणि लोड हवे असणार. याचा उपयोग झाला, पण भलताच. ‘‘हां, म्हणजे त्यांची संस्कृती!’’ असं म्हणून सगळे सुटले. संस्कृतीचं कारण मिळालं की ‘नको’ माफ होतं. तिला नुसताच तो तपकिरी रंग आवडला नसेल, ही शक्यता कुणाला पचण्यासारखी नव्हती.

मग शेजारच्या आजी बोलल्या. १९२४ च्या जुलैमध्ये सोव्हिएत रशियातून निघालेले साडेआठशेच्या आसपास मेनोनाइट आगगाडीने याच वॉटर्लूच्या स्टेशनावर उतरले होते. १९१९ पासून तीन वर्षं कॅनडाने मेनोनाइटांना येऊ देणंच बंद केलं होतं. बंदी उठली तेव्हा त्यांची गावं यादवी आणि दुष्काळातून गेली होती. आजींचे वडील तेव्हा सहा वर्षांचे. इथल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी एकेक कुटुंब आपल्या घरी नेलं. धर्म एक, पण बोली वेगळी, कपडे वेगळे, जेवणाची चव वेगळी. आजींची आजी त्या घरात पहिला हिवाळा राहिली आणि रोज रात्री दोन्ही कुटुंबांची भांडी न सांगता घासायची. पुढे त्यांचं स्वतःचं शेत झालं, नातवंडं झाली, तरी त्या यजमानांच्या घरी गेल्यावर ती एप्रन बांधल्याशिवाय बसायची नाही. ‘‘आम्हा मुलांना त्या घरी जायला आवडायचं नाही,’’ आजी म्हणाल्या, ‘‘तिथे आमची आजी वेगळीच बाई व्हायची.’’ कुणीतरी कॉफी ओतली. सोफा चर्चच्या सेकंडहँड दुकानात द्यायचा ठराव मंजूर झाला.

इथल्या लोकांना हे करावंसं का वाटतं, हे मला त्या संध्याकाळी थोडं उलगडलं. खाजगी स्पॉन्सरशिपची तरतूद १९७६ च्या इमिग्रेशन कायद्यात आली. तो अमलात आल्यावर, मार्च १९७९ मध्ये, सरकारशी पहिला मोठा करार केला तो मेनोनाइट सेंट्रल कमिटी या त्यांच्या मदतसंस्थेने. त्याच वर्षी व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून माणसं मिळेल त्या होडीत बसून निघत होती. कॅनडाने दोन वर्षांत साठ हजारांना घेतलं, त्यातल्या निम्म्याहून जास्त माणसांना चर्चांनी आणि शेजारपाजारच्या गटांनी. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं निर्वासितांसाठीच्या कामाचं नॅन्सन पदक कॅनडाच्या जनतेला मिळालं. एखाद्या देशाच्या सगळ्या जनतेला ते दिलं गेल्याचं दुसरं उदाहरण नाही. मास्तरांनी तेव्हा एका लाओशियन कुटुंबाला गाडी चालवायला शिकवलं होतं. त्या कुटुंबातला मुलगा आता मास्तरांचा दाताचा डॉक्टर आहे आणि त्यांना सूट देत नाही, ही त्यांची आवडती तक्रार.

पैशांवरून खरी पंचाईत डिसेंबरात झाली. नवरा भत्त्यातले काही पैसे दर महिन्याला लेबनॉनमध्ये आईला पाठवतो, हे कळलं. समितीत कुजबुज सुरू झाली. लोकांनी गोधड्यांचे लिलाव करून, पाई विकून पैसे जमवले ते या घरासाठी, तिकडच्या बेका खोऱ्यातल्या तंबूसाठी नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. स्वतः खाणावळीत अर्धपोटी राहून गावाला मनिऑर्डर करायचे. मला त्यात विचारण्यासारखं काही दिसेना. अध्यक्षांनी नियम वाचून दाखवला नाही, फक्त म्हणाले, ‘‘एकदा त्यांच्या खात्यात गेले की ते त्यांचे.’’ बहुतेकांना पटलं. ज्यांना पटलं नाही तेही पुढच्या महिन्याची वर्गणी देत राहिले, आणि मला त्यांचंच जास्त कौतुक वाटतं.

त्याच सुमारास एक सरकारी पत्र आलं. विमानाच्या तिकिटांचं कर्ज. पहिल्या पंचवीस हजार सीरियनांना ते माफ होतं. आमचं कुटुंब काही महिने उशिरा आलं, त्यांना नाही. तेव्हा त्यावर व्याजही लागायचं. ते २०१८ मध्ये बंद झालं. युद्धातून सुटलेला माणूस नव्या देशात उतरतो तो काही हजार डॉलर डोक्यावर घेऊन, हे मला तोवर माहीत नव्हतं. आजींना अजिबात नवल वाटलं नाही. १९२० च्या दशकात त्यांच्या लोकांना रेल्वे कंपनीने उधारीवर आणलं होतं आणि ती उधारी फिटायला १९४६ उजाडलं. ज्यांना जमलं नाही त्यांचं इतरांनी भरलं. घरात त्या पैशांचं वेगळं पाकीट असायचं, लहान मुलांनी त्याला हात लावायचा नाही. आजींनी समितीत हट्ट धरला की हे कर्ज चर्चने फेडावं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, नवरा मानी आहे, तो हे घेणार नाही. त्याने लगेच ‘यस’ म्हटलं, दोनदा थँक्यू म्हटलं आणि किती रक्कम कधी भरणार याचा कागद मागितला.

गणपतीत मंडळाच्या हॉलबाहेर, पार्किंगमध्ये, एक जुनी मैत्रीण म्हणाली, ‘‘आपण पॉइंट्स मोजून, फी भरून, डिग्र्या तपासून घेऊन आलो. पहिला हिवाळा उचलून आणलेल्या गादीवर काढला. आपल्याला कोण आलं होतं गं एअरपोर्टवर?’’ बोलण्यात जळफळाट होता आणि तो थोडासा माझ्यातही होता. त्या पाच जणांसाठी मांडलेले टॉवेल बघताना मला माझं पहिलं घर आठवायचंच: एक पातेलं, दोन ताटल्या, नवऱ्याची बारा तासांची शिफ्ट. पण माझी पिशवी माझ्या मांडीवर नव्हती. मी निघाले तेव्हा घर मागे उभं होतं, किल्ली सासूबाईंकडे होती, आणि आवडलं नाही तर परत जाता येत होतं. हे मी मैत्रिणीला सांगितलं नाही. तिच्या हातात प्रसादाचा डबा होता आणि वारा सुटला होता.

स्पॉन्सर करणारे लोक ‘तेराव्या महिन्या’बद्दल जरा जपून बोलतात. वर्षाचा करार संपतो, पैसे थांबतात, आणि कुटुंबाला काम नसेल तर सरकारी मदतीकडे जावं लागतं. आपला दुष्काळातला तेरावा महिना मला आठवलाच. आमच्या सीरियन कुटुंबातल्या नवऱ्याला दहाव्या महिन्यात एका बेकरीत रात्रपाळी मिळाली. पहाटे चारला पिठाने पांढरा होऊन तो सायकलवरून घरी यायचा. भाड्याचा करार त्याच्या नावावर झाला. आणि मग एक गंमत झाली. मुलांना पोहायला नेणाऱ्या समितीतल्या एका बाईंना तीन आठवडे फोन आला नाही. थोरली मुलगी आता स्वतः बसने जात होती. बाई रडल्या. ‘‘मी काही चुकले का?’’ असं त्यांनी चार जणांना विचारलं. कुटुंब आपल्या पायावर उभं राहावं म्हणूनच तर सगळा खटाटोप होता, आणि ते उभं राहिलं तेव्हा कुणीतरी ढकलून दिल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. मला त्यांना हसावंसं वाटलं नाही. वर्षभर रोज कुणाला तरी आपली गरज असते, याची सवय लागते. आमच्या गटात दुसऱ्या कुटुंबासाठी सगळ्यात आधी हात वर केला तो त्यांनीच, आणि तो निव्वळ परोपकार होता असं मी म्हणणार नाही.

आता तो बेकरीवाला समितीत आहे. सामानाची यादी आली की खोडत बसतो: पहिल्या रात्रीपुरत्या गाद्या, भांडी, चहा-साखर, बाकीचे पैसे हातात द्या आणि दुकान दाखवा. त्याच्या भावासाठी चर्चने केव्हाचा अर्ज केला आहे. बहुतेक ठिकाणी असंच होतं, एका कुटुंबापाठोपाठ त्याचा भाऊ, बहीण, मेहुणा यांची नावं येतात, आणि अर्जांच्या रांगा वर्षांच्या भाषेत मोजाव्या लागतात. सरकारशी कायमचा करार केलेल्या संस्थांना ठरावीक कोटा असतो. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर सरकारने पाच-पाच जणांच्या गटांचे आणि छोट्या संस्थांचे नवे अर्ज २०२५ संपेपर्यंत घेणंच थांबवलं. भावासाठी जमवलेले पैसे खात्यात पडून, आणि इकडे शहरातल्या निवाऱ्यांत आश्रय मागणारे लोक आधीच येऊन थांबलेले, ज्यांना कुणी स्पॉन्सर केलेलं नाही.

मागच्या बैठकीत मी ठराव मांडला की त्यातले थोडे पैसे या लोकांच्या पहिल्या महिन्याच्या भाड्याला द्यावेत. बेकरीवाल्याने उभं राहून विरोध केला. इंग्रजी अडखळत, पण आवाज अजिबात न उतरवता. पैसे देताना लोकांनी ज्याच्यासाठी दिले, त्याच्यासाठीच ते राहायला हवेत. उद्या भावाची तारीख आली आणि पैसे कमी पडले तर काय, तुम्ही पुन्हा पाई विकणार का? काही जण अस्वस्थ झाले. ज्याला आपण आणलं त्याने असं बोलावं, हे अजूनही काहींच्या चेहऱ्यावर उमटतं. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मी त्याला घरी सोडायला निघाले. सिग्नलवर त्याने फोनमध्ये आकडे काढून दाखवले, भाडं, महागाई, चार माणसं गुणिले बारा महिने. ‘‘सिस्टर, यू आर राँग,’’ असं त्याने वाटभरात निदान तीनदा ऐकवलं. मला त्याचा हिशोब पटला नाही, आणि माझा त्याला.